मॉड्यूल नऊ: लाभार्थ्याशी संवाद

एकतीस तारखेच्या आत चौदा मॉड्यूल,
नाहीतर मानधन थांबेल, असं ग्रुपवर पडलं रात्री अकराला.
खाली बावीस जणांचे जोडलेले हात.

गावात रेंज दोनच ठिकाणी:
पाण्याच्या टाकीच्या सहाव्या पायरीवर,
आणि शेवंता कोडापेच्या घरकुलात,
स्वयंपाकघर व्हायचं आहे त्या कोपऱ्यात.
टाकीवर देवानंद रोजगारसेवक सकाळपासूनच,
त्याचं चौथं चाललंय.
म्हणून मी इथं. जोत्यावर,
सिमेंटच्या रिकाम्या थैलीवर,
डोक्यावर लिंटल आणि लिंटलवर काहीच नाही.

व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही.
पांढऱ्या शर्टातला माणूस
कुंडीतल्या झाडाजवळ उभा राहून सांगतो
ऐकून घेणे म्हणजे काय.
मध्येच गोल फिरायला लागतं,
त्याचं तोंड उघडंच राहतं
'आदर' या शब्दाच्या अलीकडे.

शेवंताबाई तणसाचा भारा टाकून येते.
"कोन व्हय जी हा?"
"शिकवणारा."
"तुमाले?"
"मला."
"म्हंजे तुमी अजून शिकूनच रायल्या!"

तिचा तिसरा हप्ता अडलाय माझ्यामुळे.
माझ्यामुळे म्हणजे माझ्या फोनमुळे.
फोटो काढला तेव्हा मी याच दारात होते,
नकाशात मात्र तिचं घर
मामा तलावात गेलं,
काठापासून चाळीस मीटर आत, शिंगाड्याच्या वेलीत.
पोर्टल म्हणतं, पाण्यात बांधकाम ग्राह्य नाही.
बरोबरच आहे त्याचं.
दुरुस्तीचे चार अर्ज केले. चारही 'प्रक्रियेत'.
यातलं तिला मी काही सांगितलं नाही.
वरून येईल, एवढंच म्हणाले होते,
आणि हात वर केला होता,
जिथं छप्पर नाही.

प्रश्न सातवा.
लाभार्थी वारंवार एकच चौकशी करत असल्यास आपण
अ, शांतपणे नियम समजावून सांगू
ब, वरिष्ठांकडे पाठवू
क, टोल फ्री क्रमांक देऊ
ड, वरील सर्व.

मी मोठ्यानं वाचला. का, ते माहीत नाही.
घमेलं पालथं घालून ती त्यावर बसली,
कपाळाला आठ्या, जणू गुण तिलाच मिळणार.
"वारंवार म्हंजे?"
"पुन्हा पुन्हा."
"मी त एकदाच इचारलं. मंडईच्या दिवशी.
आज इचारनार होती दुसऱ्यांदा,
त राहू द्या."

बारा सेकंद. अकरा.
मी ड दाबला.
अभिनंदन, वंदिता वालदे!
हिरवी खूण, मग टाळ्या.
बिनछपराच्या घरात टाळ्या घुमत नाहीत,
सरळ निघून जातात.

मग फोन मांडीवर पालथा ठेवला आणि सांगितलं.
तलाव, चाळीस मीटर, चार अर्ज,
दिवाळीपासून आजपर्यंत.
ती ऐकत होती.
मध्ये कुठंच गोल फिरलं नाही.

"तलावात?"
"हो."
"कोन्या आंगानं? देवळाच्या का मसनाच्या?"
"देवळाच्या."
"मंग ठीक हाय," ती म्हणाली, "तिकडं गाळ कमी हाय."
आणि मी हसायचं की नाही
हे कुठल्याच मॉड्यूलमध्ये नव्हतं.

"घ्या, आता काढा फोटू. हालत नाई मी."
उभी राहिली दाराच्या चौकटीत,
चौकट म्हणजे विटांमधली रिकामी जागा,
हात सरळ, पासपोर्टच्या फोटोसारखी.
अचूकता सव्वीस मीटर.
थांबलो.
अठरा.
लांब कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं, होत नव्हता.
अकरा.
नऊ, आणि तेवढ्यात स्क्रीन पांढरी:
पुढील मॉड्यूल आपोआप सुरू होत आहे.
तोच शर्ट, तीच कुंडी.
नमस्कार, म्हणाला तो.

शेवंताबाईनं पदर डोक्यावर घेतला,
दारातूनच म्हणाली,
"नमस्कार जी. या, बसा."